पुरवठादार-वैविध्य, संस्थात्मक खरेदीतील

पुरवठादार-वैविध्य, संस्थात्मक खरेदीतील : शासन, सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठे, रुग्णालये व मोठ्या कंपन्या यांसारख्या संस्थांनी आपल्या गरजेच्या वस्तू व सेवा मोजक्या प्रस्थापित पुरवठादारांकडूनच न घेता लघुउद्योग, महिला-उद्योजक आणि सामाजिक दृष्ट्या वंचित गटांतील उद्योजक यांच्याकडूनही घ्याव्यात, या हेतूने आखलेले खरेदीधोरण. अशा धोरणात खरेदीचा काही हिस्सा राखून ठेवणे, विशिष्ट वस्तू राखीव करणे, किमतीत किंवा निविदेच्या अटींत सवलत देणे आणि मुख्य कंत्राटदाराला उपकंत्राटे देण्याचे बंधन घालणे असे निरनिराळे उपाय योजले जातात. अनेक देशांत सार्वजनिक खरेदीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक असते. साहजिकच शासन हा त्या देशातील सर्वांत मोठा ग्राहक ठरतो, आणि तो कोणाकडून माल घेतो यावर उद्योगधंद्यांच्या मालकीची वाटणी काही अंशी अवलंबून राहते.

या धोरणाच्या समर्थनार्थ दोन प्रकारचे युक्तिवाद केले जातात. पहिला न्यायाचा : कर सर्वांकडून घेतला जातो, तेव्हा त्या पैशातून होणाऱ्या खरेदीची संधीही सर्वांना मिळावी. दुसरा हिशेबाचा : मोजक्या पुरवठादारांवर विसंबणाऱ्या ग्राहकाला त्यांनी संगनमताने ठरविलेले दर मान्य करावे लागतात व एखाद्याचा कारखाना बंद पडला, तर पुरवठाच खुंटतो. पुरवठादारांचे वर्तुळ रुंदावले म्हणजे ही जोखीम घटते. उलटपक्षी, राखीव हिश्शामुळे स्पर्धा आकुंचित होऊन दर चढतात व दर्जा घसरतो, असा आक्षेप घेतला जातो. हे दोन्ही पक्ष टक्केवारीविषयी बोलतात. प्रत्यक्षात छोट्या पुरवठादाराचे भवितव्य टक्केवारीपेक्षा निविदेच्या आकारावर, तिच्या अटींवर आणि देयक हाती पडण्यास लागणाऱ्या मुदतीवर अधिक ठरते. ही गोष्ट अमेरिका व भारत या दोन्ही देशांच्या अनुभवांतून दिसून येते.

अमेरिकेतील उगम : पुरवठादार-वैविध्य ही संज्ञा व तीमागील कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. लघुउद्योगांना संघीय खरेदीत वाटा देण्याचे तत्त्व १९५३ च्या लघुउद्योग अधिनियमात आलेले होते. तथापि १९६७ मध्ये डिट्रॉइट व इतर शहरांत उसळलेल्या दंगलींनंतर कृष्णवर्णीयांच्या आर्थिक वंचनेचा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापिले. १९७२ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने अल्पसंख्य पुरवठादारांची एक राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. किमान ५१% मालकी आणि प्रत्यक्ष व्यवस्थापन संबंधित गटातील व्यक्तींकडे असले पाहिजे, ही कसोटी तिने रूढ केली. १९७७ च्या सार्वजनिक बांधकामविषयक कायद्याने १०% निधी अल्पसंख्य उद्योगांसाठी राखला. १९७८ च्या कायद्याने लघुउद्योग अधिनियमातील ‘आठ-अ’ कार्यक्रमाला पक्का वैधानिक पाया दिला व मोठ्या कंत्राटदारांवर उपकंत्राटांची योजना सादर करण्याचे बंधन घातले. आठ-अ कार्यक्रमाचा लाभ एका उद्योगाला नऊ वर्षेच मिळतो. त्यानंतर त्याने खुल्या स्पर्धेत उतरावे, अशी अपेक्षा असते.

व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराचे प्रकरण या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय असताना १९७८ ते १९८३ या काळात नगरपालिकेच्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अवघी ०·६७% अल्पसंख्याकांच्या उद्योगांना मिळाली होती. म्हणून १९८३ मध्ये नगरपालिकेने असा नियम केला, की प्रत्येक मुख्य कंत्राटदाराने कंत्राटाच्या किमान ३०% रकमेची उपकंत्राटे अल्पसंख्य उद्योगांना द्यावीत. त्याच वर्षी शहराच्या तुरुंगात पोलादी स्वच्छतापात्रे बसविण्याची निविदा निघाली. क्रोसन नावाच्या कंपनीने एका अल्पसंख्य व्यापाऱ्याकडून या पात्रांचे दर मागविले. त्याने ती पुरविणाऱ्या दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने क्रोसनला आधीच परस्पर दर दिला असल्यामुळे याला दर देण्याचे नाकारले. दुसऱ्याने प्रथम पत तपासावी लागेल व त्यास किमान ३० दिवस लागतील, असे कळविले. निविदेची मुदत तोवर टिकणारी नव्हती. पुढे त्या व्यापाऱ्याचा दर आला, तो क्रोसनने गृहीत धरलेल्या दराहून जास्त होता. कंपनीने नियमातून सूट मागितली, नगरपालिकेने ती नाकारली व वाद न्यायालयात गेला.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी नगरपालिकेचा नियम घटनाबाह्य ठरविला. वंशाच्या आधारावर केलेली कोणतीही वर्गवारी अत्यंत कठोर कसोटीस उतरली पाहिजे व त्या विशिष्ट क्षेत्रात पूर्वी भेदभाव झाल्याचा नेमका पुरावा पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. १९९५ मध्ये आदरंद प्रकरणात हीच कसोटी संघीय शासनालाही लागू झाली. परिणामी खरेदीतील विषमतेची पाहणी करून मगच राखीव हिस्सा ठरविण्याची प्रथा पडली. २०२३ मध्ये टेनेसीतील एका संघीय न्यायालयाने केवळ वंशावरून सामाजिक वंचितता गृहीत धरण्याची आठ-अ कार्यक्रमातील तरतूद अग्राह्य ठरविली. २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने वैविध्यविषयक कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढल्यावर अनेक कंपन्यांनीही या शब्दाचा वापर आवरता घेतला. न्यायालयीन वादात घटनेच्या अन्वयार्थाची चर्चा पुष्कळ झाली. मात्र ज्या व्यापाऱ्याला पतीअभावी वेळेवर दरसुद्धा मिळू शकला नाही, त्याची अडचण ३० टक्क्यांच्या नियमाने सुटली नव्हती आणि नियम रद्द झाल्यानेही सुटली नाही.

भारतातील धोरण : भारतात या धोरणाचा पाया वंश वा जात हा नसून उद्योगाचा आकार हा होता. ब्रिटिश अमदानीत शासकीय सामग्रीची बरीचशी खरेदी लंडनहून होत असे. ती हिंदुस्थानात व्हावी, ही राष्ट्रीय चळवळीची जुनी मागणी होती. १९२२ मध्ये स्वतंत्र भांडार-खात्याची स्थापना झाल्यावर तिला थोडेबहुत यश आले. स्वातंत्र्योत्तर काळात १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. लघुउद्योगांची नोंदणी करून त्यांना शासकीय निविदांत भाग घेण्यास समर्थ करणे, हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक होते. नोंदलेल्या उद्योगांना निविदासंच विनामूल्य मिळे, इसारा रक्कम भरावी लागत नसे आणि मोठ्या उद्योगाच्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर असला, तरी त्यांचा माल घेण्याची मुभा असे. हातकताई-हातविणाईचे कापड खादी व ग्रामोद्योग आयोगाकडूनच घ्यावे, असा दंडक केंद्रीय वित्तीय नियमांत आजही आहे.

हे सर्व दीर्घकाळ प्रशासकीय सूचनांच्या स्वरूपात होते. खात्यांनी त्या पाळल्या किंवा न पाळल्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ यातील अकराव्या कलमाने पसंतीचे धोरण अधिसूचित करण्याचा अधिकार शासनाला दिला व त्यान्वये २०१२ चा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश निघाला. तो १ एप्रिल २०१२ पासून अंमलात आला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाला. केंद्रीय मंत्रालये, खाती व केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २०% सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, त्यातील एकपंचमांश म्हणजे एकूण खरेदीच्या ४% अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांकडून करावी आणि ३५८ वस्तू केवळ या क्षेत्राकडूनच घ्याव्यात, असे त्यात ठरविण्यात आले. २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन एकूण हिस्सा २५% करण्यात आला व त्यात महिला-उद्योजकांसाठी ३% उपहिस्सा घालण्यात आला. संरक्षण-सामग्रीची खरेदी या बंधनातून वगळलेली आहे.

या आदेशातील पसंती कशी चालते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वस्तूसाठी सर्वांत कमी दर एका मोठ्या कारखान्याने १०० रु. असा दिला व एका लघुउद्योगाचा दर ११२ रु. आला. हा दर न्यूनतम दराच्या १५% पट्ट्यात बसतो. म्हणून त्या लघुउद्योगाला आपला दर १०० रु. पर्यंत उतरविण्यास सांगितले जाते व त्याने ते मान्य केल्यास मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा त्याच्याकडे सोपविला जातो. म्हणजे जुन्या पद्धतीत लघुउद्योगाला चढा दर मिळू शकत होता, नव्या पद्धतीत केवळ दुसरी संधी मिळते. शासनाला एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही, ही या पद्धतीची जमेची बाजू. परंतु ज्याचा खर्चच १०५ रु. आहे त्याच्या दृष्टीने ही पसंती निरुपयोगी असते, व छोट्या कारखान्याला कच्चा माल महाग पडत असल्याने तसे वारंवार घडते.

अनुसूचित जाती-जमातींचा हिस्सा : एकूण २५ टक्क्यांचे उद्दिष्ट केंद्रीय उपक्रमांनी सामान्यपणे गाठले आहे, अनेकदा ओलांडलेही आहे. अनुसूचित जाती-जमातींचा ४ टक्क्यांचा उपहिस्सा मात्र आदेशाच्या आरंभापासून फारच अपुरा राहिला. याची काही कारणे आदेशाच्या रचनेतच आढळतात. या वर्गातील उद्योग निविदेत उतरले नाहीत किंवा त्यांनी अटी व न्यूनतम दर पुरे केले नाहीत, तर त्यांचा हिस्सा इतर सूक्ष्म व लघुउद्योगांकडून भरून काढावा, अशी सोय त्यात केलेली आहे. त्यामुळे उपहिस्सा रिकामा राहिला, तरी खरेदीचे काम अडत नाही व तो का रिकामा राहिला याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. दुसरे असे, की आदेशाचा लाभ उत्पादक व सेवा देणारे यांनाच मिळतो, व्यापाऱ्यांना नाही. भांडवल व जागा यांच्या अभावी नवे दलित उद्योजक पुष्कळदा माल घेऊन पुरविण्याच्या व्यवसायापासून सुरुवात करतात. ते या व्याख्येबाहेर राहतात.

ही उणीव दूर करण्याचा आग्रह धरणाऱ्यांत पुणे येथे २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ (डिक्की) या संघटनेचा मोठा वाटा आहे. तत्पूर्वी जानेवारी २००२ मधील भोपाळ परिषदेच्या जाहीरनाम्यात अमेरिकेच्या धर्तीवर पुरवठादार-वैविध्याची मागणी करण्यात आली होती व मध्य प्रदेश शासनाने त्या दिशेने काही पावलेही टाकली होती. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती केंद्राची योजना सुरू केली. कर्नाटकाने वेगळा मार्ग स्वीकारला : सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यात दुरुस्ती करून ५० लाख रु. पर्यंतच्या बांधकाम-कामांपैकी १७·१५% अनुसूचित जातींच्या व ६·९५% अनुसूचित जमातींच्या कंत्राटदारांसाठी राखली आणि २०२३ मध्ये ही मर्यादा १ कोटी रु. केली. येथे एकूण रकमेचा अंश न राखता लहान कामेच राखलेली आहेत. नवा कंत्राटदार कोणत्या आकाराचे काम पेलू शकतो याचा विचार त्यात आहे. म्हणून तो मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

लघुउद्योगाची व्याख्या हाही असाच कळीचा मुद्दा आहे. १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटी रु. पर्यंत गुंतवणूक व १०० कोटी रु. पर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग लघुउद्योग गणला जातो. सूक्ष्म उद्योगासाठी या मर्यादा अनुक्रमे २·५ कोटी व १० कोटी रु. आहेत. दोघांना एकाच २५ टक्क्यांत स्पर्धा करावी लागते व सूक्ष्म उद्योगांसाठी वेगळा उपहिस्सा नाही. ९० कोटींच्या उलाढालीचा कारखाना आणि चार कामगारांची कार्यशाळा यांना एका पारड्यात घातल्यावर उद्दिष्ट पुरे होते, यात नवल नाही.

महाराष्ट्रातील पोषण आहाराचे प्रकरण : निविदेचा आकार धोरणाचा हेतू कसा उलटा करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात घडले. अंगणवाड्यांतील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना दिल्या जाणाऱ्या पूरक आहाराचा पुरवठा कंत्राटदारांमार्फत करू नये. शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडून तो करून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात दिला. महाराष्ट्रात त्यानंतर घरी नेण्याच्या आहाराचा पुरवठा मुख्यत्वे काही मोजक्या महिला संस्थांकडे गेला. न्यायालयाने नेमलेल्या अन्न-आयुक्तांच्या २०१२ च्या अहवालात, या संस्थांच्या आडून खाजगी व्यापारी हितसंबंधच पुरवठा करीत असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. नाव महिलांचे आणि यंत्रे, भांडवल व नफा दुसऱ्यांचा, अशी ही स्थिती होती. अमेरिकेत ५१% मालकीबरोबर प्रत्यक्ष नियंत्रणाची अट का घालावी लागली, याचा खुलासा येथे होतो.

२०१६ मध्ये राज्य शासनाने नव्या निविदा काढल्या. त्यांत अनेक बालविकास प्रकल्प एकत्र करून मोठे गट पाडण्यात आले होते आणि आर्थिक क्षमतेच्या अटी अशा होत्या, की गावपातळीवरील बचत गटाला निविदा भरणेच अशक्य व्हावे. नियमात महिला बचत गटांना प्राधान्य होते. निविदेने ते काढून घेतले. या निविदा सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी रद्द करून नव्याने प्रक्रिया करण्यास सांगितले. आहारातील जीवनसत्त्वे व खनिजे यांचे प्रमाण काटेकोर राखावयाचे, तर यंत्रोत्पादन व प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक असते, हा शासनपक्षाचा मुद्दा निराधार नव्हता. लहान मुलांच्या अन्नाबाबत दर्जाची तडजोड कोणीच सुचविणार नाही. परंतु दर्जा आणि आकार या भिन्न गोष्टी आहेत. केरळमध्ये ‘कुटुंबश्री’ या महिला-संघटनेची दोनशेहून अधिक लहान उत्पादनकेंद्रे ‘अमृतम् न्यूट्रिमिक्स’ हे बालकांचे मिश्रण तयार करून अंगणवाड्यांना पुरवितात. त्याची कृती कासरगोड येथील केंद्रीय शासनाच्या संशोधन संस्थेने बसवून दिली व महिलांना प्रशिक्षण दिले. कृती, यंत्रे व तपासणी सर्वत्र सारखी ठेवून मागणी मात्र लहान तुकड्यांत विभागलेली, अशी ही रचना आहे. मागणीचे लहान भाग करण्याचे हे तत्त्व यूरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी-निर्देशातही आहे. भाग न पाडल्यास त्याची कारणे नोंदविण्याचे बंधन तेथे ग्राहकसंस्थेवर आहे.

देयकाची मुदत : पुरवठा-आदेश मिळाला, तरी पैसे केव्हा मिळतात यावर छोट्या उद्योगाचे अस्तित्व ठरते. समजा, १० लाख रु. च्या मालावर त्याला ६% नफा सुटतो. हे पैसे सहा महिने अडकले व त्यासाठी वार्षिक १२% दराने कर्ज काढावे लागले, तर नफ्याचे सर्व ६०,००० रु. व्याजात जातात. मोठा कारखाना हा विलंब सोसतो, निविदेत तो धरूनच दर लावतो. लहानाला ते जमत नाही. विलंबित देयकांवर व्याज देण्याचा कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या अधिनियमाने ग्राहकाने माल स्वीकारल्यापासून लेखी कराराप्रमाणे, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद केली. तंट्यांसाठी राज्यांत सुकरता परिषदा आहेत व परिषदेच्या निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी ग्राहकाला ७५% रक्कम भरावी लागते.

कायदा इतका कडक असूनही त्याचा आधार घेणारे थोडे, कारण ज्या खात्याकडून पुढील आदेश मिळावयाचा त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? म्हणूनच पुरवठादाराने मागणी न करताही परिणाम घडविणारे उपाय अधिक उपयुक्त ठरण्याचा संभव असतो. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात अशी दुरुस्ती केली, की सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे वरील मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष अदा होईपर्यंत ग्राहकाला खर्च म्हणून वजावटीस घेता येणार नाही. करदात्या कंपन्यांवर या तरतुदीचा वचक बसतो. शासकीय खाती आयकर भरीत नसल्याने त्यांना ती लागू पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देयकांची संगणकीय वटवणूक करणारी केंद्रेही २०१७ पासून कार्यरत आहेत. त्यांच्यामार्फत पुरवठादाराला बँकेकडून आधी पैसे मिळू शकतात, मात्र ग्राहकाने देयक मान्य केले पाहिजे. देयकाला मान्यता देणे हीच बहुतेक कार्यालयांत विलंबाची जागा असते.

संगणकीय बाजारपेठ : ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस’ (जेम) या केंद्रीय व्यवस्थेने दरकरारांची जुनी पद्धत मागे टाकली, पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले. जिल्ह्याच्या गावातील विक्रेत्याला दिल्लीच्या कार्यालयात खेटे न घालता निविदा भरता येऊ लागली, हा मोठाच फरक होय. त्याचबरोबर देशभरातील विक्रेते एकाच पडद्यावर आल्याने दरांची चढाओढ तीव्र झाली. पूर्वानुभवाची व उलाढालीची अट घालणे वा न घालणे पूर्वीप्रमाणेच खरेदी-अधिकाऱ्याच्या हाती आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तो जास्त दराने घेतल्याबद्दल. नव्या पुरवठादाराला संधी न दिल्याबद्दल सहसा निघत नाही. त्यामुळे सावध अधिकारी परिचित पुरवठादाराकडेच वळतो व त्याला दोषही देता येत नाही.